फक्त घरच्यांसाठी

आमच्या शेठचा मूळ धंदा टेंट हाउसचा. रायपूरच्या गुढियारीत त्याचं गोडाऊन, आणि त्याला लागून एक लग्नाचा हॉल. मी त्या हॉलवर दोन्हीकडच्या मंडळींची बडदास्त ठेवायला होते. वरमाय रुसली, मामाला फेटा पोचला नाही, कोणाच्या आत्याला कूलरसमोरचीच खुर्ची पाहिजे, हे सगळं निस्तरणं माझ्याकडे. मग एके वर्षी शेठच्या ध्यानात आलं की लग्नाला मुहूर्त लागतो, मरणाला लागत नाही. त्यानं हॉलच्या मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या, काचेच्या झाकणाच्या दोन फ्रीजर पेट्या आणल्या, दारावर ‘अंतिम दर्शन’ असा बोर्ड लावला आणि मला म्हणाला, "दीदी, काम वही है, बस बैंड नहीं बजेगा."

काम खरंच तेच निघालं. रायपूर आता फ्लॅटचं गाव झालंय. पोरं बंगलोरला नाहीतर त्याच्याही पलीकडे, लिफ्टमध्ये तिरडी मावत नाही, आणि शेजाऱ्यांना मयत घरात ठेवलेली खपत नाही. म्हणून लोक आमच्याकडे आणून ठेवतात. पोरगा विमानानं येईपर्यंत बाप आमच्या पेटीत गार पडून असतो, आणि नातेवाईक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून एकमेकांच्या साड्या पाहतात. जाजम तेच, चहाचा थर्मास तोच, वाढपीसुद्धा तेच. एकदा वाढप्यानं सवयीनं एका रडणाऱ्या काकूंना विचारलं, "और लेंगी?" काकूंनी घेतला आणखी एक कप.

शेठनं तर सेट बनवून ठेवले होते, जशी लग्नात जैन थाळी वेगळी असते तसे. हिंदू सेट म्हणजे गंगाजल, तुळस, अगरबत्ती. बौद्ध सेट म्हणजे पांढरी चादर, मेणबत्त्या आणि बुद्धाचा फोटो. ईसाई सेट म्हणजे क्रॉस आणि पांढरी फुलं. आडनाव कानावर पडलं की त्याचा हात त्या त्या कपाटाकडे जायचा. मी बौद्ध घरची. माझे बाबा रेल्वेच्या नोकरीपायी वर्ध्याकडून इकडे आले आणि इथलेच झाले. आडनाव ऐकून लोक काय काय ठरवतात ते मला कोणी शिकवायची गरज नाही. मी शेठला सांगायचे, अहो, घरच्यांना आधी विचारा, तुमच्या मेलेल्या माणसाला काय आवडायचं ते विचारा. एकदा असंच एक घर आलं. आई ईसाई, बाप तेलुगू हिंदू, मुलगी बंगाल्याकडे दिलेली. मी म्हटलं, आता काढा कोणता सेट काढता तो. शेठनं डोकं खाजवलंही नाही. म्हणाला, "तीनों लगा दो, तीनों का बिल बना दो."

पण देव कोणताही असो, भांडण एकच असतं, कापडाचं. इथल्या लोकांत काय आणि आमच्या विदर्भातल्या लोकांत काय, मयतीला येणारा नातलग कापड घेऊन येतो आणि मेलेल्या माणसावर घालतो. सासरचं कापड, माहेरचं कापड, व्याह्याचं कापड. गोल बाजारातून घडी घालून आणतात आणि इथं आल्यावर दुसऱ्याचं कापड दोन बोटांत धरून पाहतात, की सुती हाय का मिक्स. मग आपलं कापड सगळ्यांत वर कसं राहील याची खटपट. पेटी बंद असली तर झाकणाच्या काचेवरच पांघरतात. त्यावर हार, हारावर शाल, शालीवर आणखी कोणाची शाल. नाव अंतिम दर्शन, आणि दर्शन कोणालाच नाही. लोक कापडाला नमस्कार करतात, कापडापुढे गळा काढतात आणि चहाला जातात. मी किती मयती पाहिल्या असतील, पण काच पुसून आत चेहरा पाहणारा क्वचित सापडायचा.

हे सगळं सांगायचं कारण, ती शहराच्या कडेच्या बीरगावची बाई.

सकाळी दवाखान्याची गाडी आली. मागे एक म्हातारा, पांढऱ्या चादरीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेला, पट्ट्या मारलेला, आणि त्याच्या पायाशी ही बसलेली. साठीची असेल. काळीसावळी, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, मांडीवर एक प्लास्टिकची थैली. मी हिंदीत विचारलं, कोण लागतात तुमचे? तर ती चक्क मराठीत बोलली, आणि तीही अशी मराठी की जशी काही आमच्याच गल्लीत वाढलेली.

"माहा माणूस हाय, बाई. उरला इंडस्ट्रीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये होता. रिटायर होऊन लय दिवस झाले."

मी म्हटलं, "तुम्ही कुठल्या? नागपूरच्या का?"

"नाही वं. मी इथलीच, छत्तीसगढची. त्याच्यासंग राहून राहून बोलाले लागली."

हळूहळू तिनं सांगितलं. त्याची पहिली बायको वारली तेव्हा पोरं मोठी होती. हीसुद्धा विधवा. इकडे छत्तीसगढात एक रीत आहे. विधवा बाईला माणूस चार लोकांसमोर बांगड्या भरतो, त्याला चूडी घालणं म्हणतात, आणि झालं लग्न. ना मांडव ना मंगलाष्टकं. आमच्याकडे पूर्वी याच कामाला पाट लावणं म्हणायचे. तर त्यानं तिला चूडी घातली, बीरगावच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, लोकांनी गूळ वाटला, आणि पोरं रागावून नागपूरला काकाकडे निघून गेली. बापाशी बोलणं बंद. तिनं त्याचा दमा सांभाळला, मग किडनी सांभाळली.

"आयसीयूत नेलं तवापासून मी त्याचा चेहरा नाही पाह्यला," ती म्हणाली. "आत जाऊ देत नव्हते. आन आज गुंडाळूनच हाती देला. मले एकडाव पाहू द्या. आन हे कापड घालू द्या. दुसरं काही नाही पाह्यजे मले."

थैलीत एक पांढरं सुती कापड होतं, कोरं, नीट चौघडी केलेलं. मी म्हटलं, एवढंच ना, चला. चादर सोडायची, अंग पुसायचं, कपडे घालायचे, हे तसंही माझंच काम. तेवढ्यात शेठनं हाक मारली.

शेठच्या फोनवर नागपूरचा काका होता, म्हणजे मेलेल्याचा धाकटा भाऊ. बुकिंग त्यानंच केलं होतं. फोन स्पीकरवर, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. "हे पाहा शेठजी, आम्ही पहाटेच निघालो हाओत. आम्ही आल्याबिगर कोणाले दाखवू नका. आन ते जे बाई हाय तिथं, तिले दर्शनात बसवू नका. फक्त घरचे लोक पाह्यजेत."

मी शेठला म्हटलं, "तीच तर घरची आहे. दवाखान्यात तीच होती. ह्या लोकांनी म्हाताऱ्याला पाणी तरी विचारलं का इतकी वर्षं?"

"दीदी, जिसने बुकिंग की, वही परिवार," शेठ म्हणाला आणि व्हरांड्यात दारासमोरच खुर्ची टाकून बसला, म्हणजे मी काही चावटपणा करू नये.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी माझीही आहे. मी त्या बाईला व्हरांड्याच्या टोकाला बसवलं आणि आत जाऊन म्हाताऱ्याचं सगळं नीट केलं. अंग पुसलं, धोतर-सदरा घातला, पेटीत ठेवलं आणि एक नंबरच्या खोलीबाहेरच्या पाटीवर मार्करनं त्याचं नाव लिहिलं. बाहेर आले तर ती तशीच बसलेली, थैली मांडीवर, नजर दाराकडे. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "येतीन ना ते लोक? ते आले की मंग पाहू देतीन ना?" मी म्हटलं, पाहू.

दहाच्या सुमाराला मोठी पार्टी आली. शेठ तिला मोठी पार्टीच म्हणायचा, लग्नात म्हणायचा तसंच. लोखंडाच्या कोणा व्यापाऱ्याचे वडील. तो व्यापारी पोरगा बंगलोरहून विमानात बसलेला, सूनबाईंना वासाचा त्रास होतो म्हणून त्या घरी, आणि सोबत दोन ड्रायव्हर. ड्रायव्हरांनी मयत दुसऱ्या पेटीत ठेवून घेतली, सोबत आणलेले शेवंतीचे हार, शाली आणि फुलांचं चक्र वर रचलं आणि गाडीत एसी लावून झोपले. शेठची धावपळ सुरू झाली. एक नंबरच्या खोलीत सोफा आहे, चांगला एसी आहे, खिडकीला पडदा आहे. ती खोली आता मोठ्या पार्टीला पाहिजे. बीरगावच्या म्हाताऱ्याची पेटी वाढप्यांनी ढकलत दोन नंबरात नेली. दोन नंबर म्हणजे आमचं अडगळीचं घर. तिथे मोडक्या खुर्च्या, कमानीचे खांब आणि नवरा-नवरीनं बसायचा तो लाल मखमली सोफा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. एवढं सगळं करताना शेठनं एक केलं नाही. एक नंबरची पाटी पुसली नाही. मग तो फुलवाल्याला झापायला गेटवर निघून गेला, कारण मोठ्या पार्टीला झेंडू चालत नाही, शेवंती लागते.

आणि नेमके तेव्हाच नागपूरकर आले. दोन गाड्या भरून. पुढे काका, पांढरा शर्ट, कपाळावर चष्मा. त्याच्यामागे मेलेल्याची थोरली बहीण, पोरांची आत्या, दोन बायांनी धरलेली, कारण मोतीबिंदूनं तिला नीट दिसत नव्हतं. मग थोरला मुलगा, चाळिशीचा, रायपूरच्याच शाळेत शिकलेला, त्यामुळे त्याची जीभ हिंदीतच वळते. बाकी सुना, जावई, पोट्टेपाट्टे. काकानं पाटी वाचली, भावाचं नाव पाहून कपाळाला हात लावला आणि सगळे एक नंबरात शिरले. व्हरांड्यात ती बाई उठून उभी राहिली होती. तिच्या अंगावरून सगळे गेले, एकानंही मान वळवली नाही.

मी पाण्याचा ट्रे घेऊन आत गेले आणि दारातच थबकले. अख्खं खानदान लोखंडवाल्याच्या बापाला धरून रडून राहिलं होतं.

पेटीच्या काचेचा तुकडाही दिसत नव्हता. शेवंतीचे हार, चार शाली, आणि वर कुठल्याशा लोखंड-व्यापारी मंडळाचं भलंमोठं फुलांचं चक्र, त्यावर सोनेरी अक्षरांची फीत. काका ती फीत वाचून गहिवरला होता. "पाहा, पाहा, लोखंडवाल्यायनं केवढा मान देला भाऊले. अख्खी जिंदगी भट्टीसमोर काढली त्यानं." एका सुनेनं शालीचा पोत पाहिला आणि जावेच्या कानात काही सांगितलं. जाऊ नवऱ्याच्या कानाशी लागली. बघता बघता खोलीतलं रडणं जरा कमी झालं आणि विचार करणं वाढलं. शेवटी काकानंच तोंड उघडलं. "एवढ्या मोठ्या लोकायत उठबस होती म्हणजे पैसा बी असन. मंग गेला कुठी? त्या बाईनं दाबून ठेवला असन."

एकजण मोबाईल उंच धरून पुण्याच्या कोणाला दर्शन देत होता. फुलांचं. "दिखा क्या? दिखा?" आणि पलीकडून आवाज येत होता, "हां हां, दिखा, बहुत शांत दिख रहे हैं." मग कापडाचा प्रश्न निघाला. काकाचं कापड खाली गेलं असतं, कारण वर व्यापाऱ्यांच्या शाली. शाली काढाव्या तर मान जातो, न काढाव्या तर सख्ख्या भावाचं कापड दिसत नाही. शेवटी काकानं शाली तशाच ठेवल्या आणि आपलं कापड फुलांच्या चक्रावरून पांघरलं, सोनेरी फीत तेवढी उघडी ठेवून.

खरं रडत होती ती एकटी आत्या. पेटीच्या पायाशी बसून हळू आवाजात लहानपणच्या नावानं हाक मारत होती. तिच्याकडे पाहून मी पुढे झाले. मी ट्रे खाली ठेवला. अहो, हा तुमचा नाही, तुमचा माणूस पलीकडच्या खोलीत आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तोच काका माझ्याकडे वळला. "दीदी, ते बाई बाहेर हाय ना अजून? तिले तिथंच राहू द्या. आत नका येऊ देऊ. बायको नोहय ते त्याची, ठेवलेली हाय."

मी तोंड मिटलं. म्हटलं, "बरं भाऊ. तुम्ही सावकाश होऊ द्या तुमचं. घाई नाही काही."

आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. मला याचं अजूनही वाईट वाटत नाही. आत्याचं वाटतं थोडं. बाकीच्यांचं बिलकूल नाही. आणि त्या लोखंडवाल्याच्या बापाचं तर मी भलंच केलं. त्याच्या घरच्या एकाला त्याच्याजवळ बसायला सवड नव्हती, त्याला एवढी रडणारी माणसं मिळाली.

व्हरांड्यात शेठ नव्हता. फुलवाल्याशी त्याची जुंपलेली इथवर ऐकू येत होती. मी त्या बाईचा हात धरला. "चला."

"त्यायनं बोलावलं का?" तिनं विचारलं.

"ते तिकडे बिझी आहेत. तुम्ही चला."

दोन नंबरात गेल्यावर मी पेटीचं झाकण पूर्ण वर केलं. ती जवळ आली, पाहिलं, आणि पहिला शब्द काय बोलावा? "मिशी कुठी गेली तुही?" दवाखान्यात नळ्या लावायच्या म्हणून त्यांनी मिशी काढून टाकली होती. सगळ्या आयुष्यात त्यानं ती कधी काढली नव्हती म्हणे. ती त्याच्यावर रागवली, बाजारातून नासका भाजीपाला आणलेल्या नवऱ्यावर रागवावं तशी. मग पदरानं त्याचं कपाळ पुसलं, जिथे काही पुसायला नव्हतं. दुसरी खुर्ची धड नव्हती, म्हणून मी तिला नवरा-नवरीच्या सोफ्यावर बसवलं आणि सोफा पेटीला लावून दिला.

ती बोलत होती त्याच्याशी. मी तिच्याकडे पाठ करून दाराशी उभी होते, पण ऐकू येत होतं. सकाळी नळ आला होता, तिनं पाणी भरलं नाही. समोरच्या घरची म्हातारी विचारून गेली. त्याची औषधं राहिली आहेत, ती कोणाला द्यावीत? बांगड्या किणकिणल्या. मग म्हणाली, "एकटाच गेला ना बे. मले बाहेर बसवून गेला." मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्या काकाचा आणखीच राग आला. इतक्या वर्षांत या खोल्यांमध्ये मी जे दर्शन दर्शन म्हणून पाहत आले, त्यात खरं दर्शन मी त्या दिवशी पाहिलं, अडगळीच्या खोलीत.

शेवटी तिनं थैलीतलं कापड काढलं, झटकलं आणि त्याच्या अंगावर घातलं. छातीपर्यंत. चेहरा उघडा ठेवला.

तिकडे गेटवर गाडी थांबली. लोखंडवाला पोरगा आला. शेठ छत्री धरावी तसा त्याच्या मागे मागे. मी दोन नंबरच्या दाराआडून पाहत होते. पोरगा एक नंबरात शिरला, आत एवढी माणसं रडताना पाहिली आणि जागीच विरघळला. त्याला वाटलं असणार, पप्पांच्या कारखान्याची माणसं. त्यानं सगळ्यांना हात जोडले. काकानं पाहिलं, कोणी मोठा व्यापारी भावाला शेवटचं पाहायला आलाय. काकानं त्याला छातीशी धरलं. दोघं रडले. शेठ मध्ये उभा, चेहऱ्यावर रंग नाही, कारण त्याला आता पाटी दिसली होती.

आणि तेवढ्यात आत्या म्हणाली, "मले एकडाव त्याच्या तोंडावरून हात फिरवू द्या रे. झाकण उघडा."

खानदानात एकटी तीच म्हणाली हे. थोरल्या मुलानं कापड, चक्र, शाली सगळं बाजूला केलं आणि झाकण उचललं. आत एक गोरापान, गुबगुबीत, टक्कल पडलेला माणूस, कपाळाला चंदन.

"हे कोण होय?" काका म्हणाला.

"पापा," लोखंडवाला म्हणाला.

पुढचं काय सांगावं. थोरल्या मुलाच्या हातून झाकण आपटलं. मग सगळेच बोलले. लोखंडवाला ओरडला, की माझ्या पप्पांवर हे कोणाचं स्वस्तातलं कापड टाकलंय. काका ओरडला, की आमचा भाऊ कुठे हाय, विकून टाकला का तुम्ही. पुण्याचा फोन अजून चालूच होता, त्यातून कोणी विचारत होतं, "क्या हुआ, उठ गए क्या?" शेठ धावत माझ्याकडे आला. "दीदी, ये कैसे हो गया?" मी म्हटलं, "शेठ, पेटी तुम्ही हलवली, पाटी तुम्ही तशीच ठेवली. मले काहून विचारून राहिले?"

मग सगळी वरात दोन नंबरात आली. पेटी उघडी, शेजारी लाल सोफ्यावर ती बसलेली, एक हात त्याच्या कापडावर. मला वाटलं, आता हिला उठवतात, आता काका काहीतरी बोलतो आणि मग मीही काहीतरी बोलते आणि माझी नोकरी जाते. मी तयार होते.

पण शेठ घाबरून गेला होता. लोखंडवाल्यानं त्याला चार लोकांत नको नको ते ऐकवलं होतं. तो दारातच आडवा उभा राहिला. "नहीं, पहले कोई पहचान लो. घर का आदमी बोलेगा कि यही है, तभी उठेगा यहाँ से. दोबारा गड़बड़ नहीं चाहिए मेरे को."

काका पुढे आला, वाकला, चष्मा खाली घेतला. त्याच्या आठवणीतला भाऊ भरगच्च मिशीचा, रुंद छातीचा, भट्टीवरचा गडी. पेटीत एक वाळून गेलेला, सफाचट चेहऱ्याचा म्हातारा. आजारपणानं गाल आत गेलेले. काका बराच वेळ पाहत राहिला. "आमचा भाऊ असा नव्हता," तो म्हणाला, आणि मागे सरला.

आत्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. "मले दिसत नाही नीट, बापा. मघाशी बी मी त्या दुसऱ्याले हाका मारल्या." आणि तिनं हात काढून घेतला.

उरला थोरला मुलगा. तो बापाच्या डोक्याशी उभा राहिला. मी त्याचा चेहरा पाहत होते. हो म्हणावं तर खात्री नाही, आणि नाही म्हणावं तर त्याहून नाही. एकदा परक्या माणसाला बाप म्हणून रडून झालं होतं, आता सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा चुकायची कोणाची छाती? तो काकाकडे पाहू लागला, काका खिडकीकडे पाहू लागला. सुना जमिनीकडे.

मग तो मुलगा त्या बाईकडे वळला. इतक्या वर्षांत त्यानं तिला कशानंही हाक मारलेली नव्हती, तेव्हाही मारता आली नाही. नुसतं म्हणाला, "आप बताइए ना. यही हैं?"

ती सोफ्यावरून उठली. डोक्यावर पदर घेतला. काकाकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं नाही, पेटीत पाहिलं.

"हव," ती म्हणाली. "हा माहा माणूस हाय."

घरचं माणूस बोललं, म्हणून शेठ दारातून बाजूला झाला. कोणीही नाही म्हटलं नाही. काकानं चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. नाही म्हणायची सोयच नव्हती, नाही म्हटलं असतं तर न्यायला मयतच उरली नसती.